निकालाचा फ्लेक्स बघून प्रशाला निवडू नका: सोलापुरातल्या पालकांसाठी

मे महिन्यात दहावीचा निकाल लागला की दोन दिवसांत सात रस्त्यापासून अशोक चौकापर्यंत शाळांचे फ्लेक्स लागतात, वर शंभर टक्के निकाल आणि खाली हार घातलेली पोरं, आणि जूनच्या ऍडमिशनला निम्मे पालक तेवढ्यावरच शाळा ठरवतात. उरलेले निम्मे दुसराच एक प्रश्न विचारतात, तोही हळू आवाजात, की तिथं कुठली पोरं येतात हो? म्हणजे विडी घरकुलातली (विडी कामगारांच्या वसाहतीतली) येतात का, झोपडपट्टीतली येतात का, घरी तेलुगू बोलणारी जास्त आहेत का उर्दूवाली. मी एका अनुदानित प्रशालेत गणित शिकवतो, हे दोन्ही प्रश्न दरवर्षी ऐकतो आणि मला दोन्ही प्रश्न बरोबर वाटतात, फक्त त्यांची उत्तरं शोधायची पद्धत चुकते. निकाल बघायलाच पाहिजे आणि वर्गात कोण कोण बसतं हेही बघायला पाहिजे, पण दोन्ही एकत्र बघितलं तरच शाळा कळते. पोरगं कुठून सुरू झालं आणि शाळेनं त्याला कुठपर्यंत नेलं, हे बघायचंय आपल्याला. ते कसं बघायचं ते सांगतो. महापालिकेची शाळा असो, झेडपीची असो नाहीतर संस्थेची अनुदानित प्रशाला, पद्धत तीच.

पहिलं काम, टक्केवारी सोडा आणि आकडे मागा. निकालाची टक्केवारी म्हणजे परीक्षेला जेवढे बसले त्यातले किती पास झाले. कोण बसलंच नाही हे त्यात कुठंच येत नाही. समजा एका शाळेत नववीला १२० पोरं होती, दहावीच्या परीक्षेला बसली ८८, आणि ८८ च्या ८८ पास. फ्लेक्सवर १०० टक्के. दुसऱ्या शाळेत नववीला ११० होती, दहावीला बसली १०४, पास झाली ९४, म्हणजे निकाल साधारण ९० टक्के, फ्लेक्स लावायची पण त्यांना लाज वाटणार. आता नववीपासून मोजा. पहिल्या शाळेत १२० पैकी ८८ म्हणजे ७३ टक्के पोरं दहावी पास होऊन बाहेर पडली, दुसऱ्या शाळेत ११० पैकी ९४ म्हणजे ८५ टक्के. माझं पोरगं अभ्यासात मधलं किंवा कच्चं असेल तर मी डोळे झाकून दुसऱ्या शाळेत घालीन.

मग ती ३२ पोरं गेली कुठं? काही बापाच्या कामासाठी पुण्याला भिवंडीला गेली असतील, काहींनी शाळा बदलली असेल, एखाद्या मुलीचं लग्न लावून दिलं असेल, हे सगळं खरं आहे आणि त्याला शाळा जबाबदार नाही. पण काही पोरांना नववीत बसवून ठेवलेलं असतं, आणि काहींच्या पालकांना बोलावून सांगितलेलं असतं की याचं दहावीत काही खरं नाही, तुम्ही दाखला काढा आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा. सतरा नंबर म्हणजे खाजगी विद्यार्थी म्हणून बोर्डाला बसायचं. मध्येच शिक्षण सुटलेल्या माणसासाठी ती फार चांगली सोय आहे, कामाला लागलेल्या कितीतरी लोकांनी त्यातून दहावी केलीय. पण शाळेत रोज येणाऱ्या पंधरा वर्षांच्या पोराला निकाल खराब करेल म्हणून तिकडं ढकलणं हा अन्याय आहे आणि ज्या घरात बाई विड्या वळते आणि माणूस लूमवर बारा तास उभा असतो त्या घराला हे कळत पण नाही, ते सही करून मोकळे होतात.

आकडे मिळवायचे कुठून, तर यूडायस प्लस नावाची केंद्र सरकारची वेबसाईट आहे, तिथं प्रत्येक शाळेचा ११ अंकी कोड असतो, महाराष्ट्रातल्या शाळांचा २७ ने सुरू होतो. शाळेचं नाव किंवा पिनकोड टाकला तरी सापडते. त्यात इयत्तावार मुलं किती मुली किती, शिक्षक किती, वर्गखोल्या, मुलींचं टॉयलेट, पाणी असं सगळं असतं. मागच्या वर्षीची नववी आणि या वर्षीची दहावी शेजारी शेजारी लिहून काढा. एक वर्ष बघून काही ठरवू नका, मिळतील तेवढी दोन-तीन वर्षं बघा, कारण एखाद्या वर्षी खरंच एखादी वस्ती हलते. उदाहरण म्हणून बघा, कुंभारीला रे नगरची हजारो घरं झाली तेव्हा शहरातली कितीतरी कामगार कुटुंबं तिकडं गेली, त्यांच्याबरोबर पोरंही गेली, मग शहरातल्या एखाद्या शाळेचा पट खाली आला तर त्यात शाळेचा काय दोष. पण दरवर्षी फक्त नववी ते दहावीलाच पट पडत असेल आणि आठवी ते नववी तसाच असेल तर सरळ मुख्याध्यापकांना विचारा. चांगला मुख्याध्यापक पोरागणिक उत्तर देतो, हा पुण्याला गेला, ही मामाकडं गेली, याला आम्ही पुन्हा आणायचा प्रयत्न करतोय. उत्तरच आलं नाही तर समजून घ्या.

दुसरं, पास झालेल्यांमध्ये कोण किती वर आहे ते बघा. दहावीला ३५ ला पास, ४५ च्या वर द्वितीय श्रेणी, ६० च्या वर प्रथम, ७५ आणि पुढं प्रावीण्य. शाळेकडं निकालपत्रक असतंच, त्यात चारही खाती दिसतात. ज्या शाळेत प्रावीण्यमध्ये वीस पोरं आणि बाकी सगळी ३५ ते ४५ मध्ये, तिथं वरच्या वीस पोरांना घरून आणि क्लासमधून आधार मिळाला असण्याची शक्यता जास्त, शाळेनं सगळ्यांना उचललं असं म्हणता येत नाही. मधल्या दोन खात्यांत गर्दी असेल तर शाळा काम करते. मी स्वतः कुठल्याही शाळेचं पहिल्यांदा मधलंच खातं बघतो. पहिल्या आलेल्या पोरीचा फोटो बघून तिच्या कष्टाचं कौतुक जरूर करा, पण तुमच्या पोराला शाळा कशी शिकवेल हे त्या फोटोतून कळत नाही.

आणि हो, एखाद्या पोराचे ९५-१०० टक्के बघून दबून जाऊ नका. टक्केवारी बेस्ट फाइव्हवर म्हणजे सहापैकी चांगल्या पाच विषयांवर काढतात, ५०० पैकी, वर खेळाचे, शास्त्रीय कलेचे, ड्रॉईंगच्या ग्रेडचे सवलतीचे गुण मिळतात. ते मिळायलाच पाहिजेत, पोरांनी मेहनत केलेली असते. उलट तुम्ही शाळेला विचारा की इथं एलिमेंटरी इंटरमिजिएट या चित्रकलेच्या परीक्षांना पोरं बसवता का, खेळाचे प्रस्ताव वेळेत पाठवता का. गरीब पोरांना हे गुण असतात हेच माहिती नसतं.

प्रत्येक विषयात २० गुण अंतर्गत असतात, तोंडी, प्रात्यक्षिक, गृहपाठ वगैरे, ते शाळा देते. उरलेले ८० लेखी, गणितात भाग १ आणि भाग २ असे ४० अधिक ४०. आता एखाद्याला अंतर्गत १८ पडले तर पास व्हायला लेखीत ८० पैकी १७ लागतात. सतरा! म्हणजे पास झालेल्या पोराला गणित येतंच असं नाही. म्हणून प्रिलिमचे गुण मागा. जानेवारीत प्रिलिम होते, ते पेपर शाळाच तपासते. प्रिलिम आणि बोर्ड दोन्हीचे गणित-विज्ञान-इंग्रजीचे सरासरी गुण विचारा, सगळे विषय विचारत बसायची गरज नाही, या तिन्हीत शाळेचा दम कळतो.

वर्गात कोण बसतं

आता दुसऱ्या प्रश्नाकडं येतो, मला खरं बोलायचं होतं ते यावर.

सोलापूरच्या कुठल्याही पेठेतल्या अनुदानित प्रशालेचा एक वर्ग घ्या. साखर पेठ भवानी पेठेतली पद्मशाली पोरं घरी तेलुगू बोलतात, पण त्यातल्या बऱ्याच जणांना तेलुगू लिपी वाचता येत नाही. अक्कलकोट, दक्षिण सोलापूरकडून आलेली लिंगायत आणि इतर पोरं घरी कन्नड बोलतात, काही तर सातवीपर्यंत झेडपीच्या कन्नड माध्यमात शिकून आलेली. नई जिंदगी, शास्त्री नगरकडची पोरं घरी दखनी बोलतात, काही उर्दू माध्यमातून आलेली. मुळेगाव तांड्याकडची पोरं घरी गोरमाटी म्हणजे बंजारा बोली बोलतात. उसाच्या हंगामात बाहेरून आलेल्या टोळ्यांची पोरं चार-पाच महिने दिसतात आणि मार्चनंतर जातात. मग मराठी घरातली पोरं, त्यांचीही मराठी पुस्तकातली नाही, आपली सोलापुरी, काय करायलास बे वाली. आणि हे सगळे मिळून मधल्या सुट्टीत जी भाषा बोलतात ती फक्त सोलापुरातच ऐकायला मिळते.

काही पालक याला घाबरतात. पोरगं बिघडेल, भाषा बिघडेल, शाळा मागं पडेल. मी इतकी वर्षं असले वर्ग शिकवून ठामपणे सांगतो की मिसळ असलेल्या वर्गामुळं कुणाचं पोरगं मागं पडत नाही. पोरं मागं पडतात ती शाळा मिसळीकडं बघतच नाही तेव्हा. मास्तर पुस्तकी मराठीत धडा वाचून जातो आणि अर्ध्या वर्गाला शब्दच कळलेला नसतो. गणितात हे सगळ्यात जास्त दिसतं. पोरगं उदाहरण सोडवायला हुशार असतं, बापाच्या दुकानात हिशोब तोंडी करतं, पण शाब्दिक उदाहरणात 'च्या पटीत', 'पेक्षा ने अधिक', 'अनुक्रमे' हे शब्द आले की थांबतं. कच्चं गणित म्हणून त्याला मागं बसवतात आणि खरं तर त्याला एक शब्द समजावून सांगायची गरज असते.

म्हणून शाळेत गेलात की हे विचारा: दुसऱ्या माध्यमातून आठवीला आलेल्या पोरांसाठी तुम्ही काय करता? कान देऊन ऐका. काहीच नाही, ती आपोआप शिकतात, असं उत्तर आलं तर ती पोरं नववीत गळतात हे नक्की. जून-जुलैमध्ये जादा तास घेतो, शब्दांची यादी देतो, जोडीला वर्गातलंच तेलुगू किंवा कन्नड समजणारं पोरगं बसवतो, आमचे एक सर कन्नडमध्ये समजावतात, असं काही सांगितलं तर शाळेनं विचार केलाय. एक फुकट उपाय मी पालकांना नेहमी सांगतो, बालभारतीच्या वेबसाईटवर पुस्तकांच्या पीडीएफ मोफत आहेत आणि उर्दू, कन्नड माध्यमाचीही आहेत. ज्याला ती लिपी वाचता येते त्यानं विज्ञानाचा धडा आधी आपल्या भाषेत वाचायचा आणि मग मराठीत. दोन महिन्यांत फरक दिसतो. तेलुगू घरातल्या पोराला लिपी येत नसेल तर आईला किंवा आज्जीला धडा तेलुगूतून तोंडी सांगायला लावा, रोज एक पान, आईला वाचता येत नसलं तरी चालतं, कारण जे समजलं तेच सांगता येतं.

ही मिसळ शिकवायला पण कामाला येते, फक्त मास्तरला तशी नजर पाहिजे. इतिहासात स्वातंत्र्य चळवळ शिकवताना आपल्याकडं चार पुतळ्यापाशी पोरांना घेऊन जाता येतं. मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे, श्रीकिसन सारडा. १९३० च्या मार्शल लॉनंतर १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात चौघांना एकत्र फाशी झाली. ही चार नावं वर्गात वाचली की वर्गातल्या चार कोपऱ्यांतली पोरं मान वर करतात, हे मी बघितलंय. ज्या शाळेत हा पाठ फक्त परीक्षेत येत नाही म्हणून सोडून देतात तिथं बाकीचं पण तसंच चालतं असा माझा अनुभव आहे.

तुकड्या बघा. हे कुणी विचारत नाही आणि हेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. कागदावर शाळा मिसळलेली असते आणि आत अ तुकडीत सेमीची, क्लासवाली, बऱ्या घरातली पोरं आणि ड तुकडीत उरलेली सगळी. अ ला अनुभवी शिक्षक, ड ला तासिका तत्त्वावर आलेला नवीन मुलगा जो दिवाळीनंतर नसतो पण. मग निकाल लागतो आणि सगळे म्हणतात बघा त्या वस्तीतली पोरं नापास झाली. मुख्याध्यापकांना विचारा तुकड्या कशावरून पाडता, मार्कांवरून का आडनावाच्या अक्षरावरून का सरमिसळ करून. आणि गणित विज्ञानाचे सर सगळ्या तुकड्यांना तेच आहेत का. मग शेवटच्या तुकडीचा वेगळा निकाल मागा. शेवटच्या तुकडीचा निकाल आणि पहिल्या तुकडीचा निकाल यातलं अंतर दरवर्षी कमी होत असेल तर ती शाळा भारी आहे, एकूण टक्केवारी काही का असेना.

सेमीबद्दल दोनच वाक्यं. सेमी म्हणजे गणित आणि विज्ञान इंग्रजीतून, आणि पुढं सायन्सला जायचं असेल तर त्याचा उपयोग होतो, पण शिकवणारे सर इंग्रजी शब्द सांगून पुन्हा मराठीत उलगडत नसतील तर पोराला दोन्ही येत नाही. शाळेच्या पाटीवर सेमी लिहिलंय म्हणून जाऊ नका, एक तास बसून बघू देता का विचारा.

बघायला जायचं कधी

ऍडमिशनच्या दिवशी जाऊन काही कळत नाही, त्या दिवशी सगळी शाळा झाडून पुसून असते. फेब्रुवारी-मार्चमध्ये, उन्हाळ्यातली सकाळची शाळा सुरू व्हायच्या आधीच्या दिवसांत जा, मधल्या सुट्टीच्या वेळेला. गेटपाशी उभं राहून बघा पोरं डबा खायला कशी बसतात, वस्तीप्रमाणे, जातीप्रमाणे वेगवेगळी टोळकी का मिसळून. आठवीपर्यंत शाळेत पोषण आहार असतो, तो सगळे एका ओळीत बसून खातात का, का काही पोरांना लांब बसवतात, हे डोळ्यांनी बघायची गोष्ट आहे. एखाद्या पोराला प्रेमानं विचारा, काही समजलं नाही तर कुणाला विचारतोस रे? सरांना, असं पटकन म्हणाला तर छान. कुणालाच नाही म्हणाला तर तेही लक्षात ठेवा. आणि मुलींचं टॉयलेट उघडं आहे का कुलूपबंद ते बघाच, कारण मोठ्या मुलींची हजेरी त्यावर अवलंबून असते आणि हजेरीवर निकाल.

हजेरीचं विचाराल तर असं विचारा की कुठल्या दिवसांत हजेरी पडते आणि तेव्हा तुम्ही काय करता. सोलापुरातल्या मास्तरला हे तोंडपाठ पाहिजे. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा, नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ, रमजान, ज्या दिवशी नळाला पाणी येतं तो दिवस, कारण पाणी रोज येत नाही आणि आलं की घरातली मोठी मुलगी भरायला थांबते. जी शाळा म्हणते की अशा दिवशी आम्ही नवीन धडा सुरू करत नाही, उजळणी घेतो, त्या शाळेला आपली पोरं माहिती आहेत. जी शाळा फक्त गैरहजरांना दंड करते तिला माहिती नाहीत. विडी कामगारांच्या घरातल्या आठवी नववीच्या मुली संध्याकाळी आईबरोबर बसून हात चालवतात, हे वाईट आहे पण आहे, मग गृहपाठ कधी करायचा? काही शाळा शाळा सुटल्यावर एक तास अभ्यासिका चालवतात, तिथंच गृहपाठ संपवून मुली घरी जातात. आहे का विचारा. नसेल तर चार पालकांनी मिळून मागा, एक खोली आणि एक शिक्षक लागतो, लई मोठा खर्च नाही.

पालकसभा कधी असते हेही विचारायचं. मंगळवारी सकाळी अकराला सभा ठेवली तर नोकरीवाले नाहीत, लूमवाले नाहीत, विड्या कारखान्यात नेऊन द्यायची वेळ असलेल्या बाया नाहीत, मग येतं कोण? रविवारी किंवा संध्याकाळी सात नंतर सभा घेणारी शाळा सगळ्या पालकांना मोजते. आठवीपर्यंत शाळा व्यवस्थापन समिती असते, कायद्यानं तिच्यात ७५ टक्के सदस्य पालक पाहिजेत आणि निम्म्या महिला. समितीच्या यादीत सगळ्या वस्त्यांमधली नावं आहेत का बघा, बऱ्याचदा एकाच गल्लीतली असतात. तुम्ही स्वतः उभं राहा, कुणी अडवत नाही.

शिक्षकांची रिकामी पदं विचारायला विसरू नका. सप्टेंबर अखेरच्या पटावर संचमान्यता होते, म्हणजे पोरं कमी झाली की शिक्षकाचं पद जातं, आणि पद गेलं की पालक म्हणतात इथं शिक्षकच नाहीत आणि अजून पोरं काढतात. चांगल्या चांगल्या शाळा या चक्रात बसल्यात. गणित, विज्ञान आणि इंग्रजीला कायम शिक्षक असेल तर बाकी एखादं पद रिकामं असलं तरी मी चालवून घेईन.

पैशाचं आणि सवलतीचं

शाळा सगळ्यांसाठी काम करते का याची एक पक्की खूण म्हणजे एनएमएमएस, गरीब घरातल्या हुशार पोरांची शिष्यवृत्ती परीक्षा. आठवीत ही परीक्षा होते, पुण्याची परीक्षा परिषद घेते, घरचं वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत पाहिजे आणि सातवीला ५५ टक्के, एससी एसटीला ५० टक्के. निवड झाली तर नववी ते बारावी वर्षाला १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये पोराच्या खात्यात. फक्त सरकारी, महापालिका-झेडपी आणि अनुदानित शाळेतल्या पोरांनाच बसता येतं, विनाअनुदानित इंग्लिश मीडियमला नाही. मुख्याध्यापकांना विचारा किती पोरं बसवली, किती लागली, तयारी कोण करून घेतं. जी शाळा फक्त चार हुशार पोरं बसवते ती निकाल सांभाळते. जी शाळा वर्गच्या वर्ग बसवते तिथं न लागलेल्या पोरांचंसुद्धा गणित आणि बुद्धिमत्ता सुधारते.

विडी कामगारांच्या मुलांना केंद्राच्या कामगार खात्याची वेगळी स्कॉलरशिप असते, नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर फॉर्म भरायचा, त्याला आई किंवा वडलांचं विडी कामगार ओळखपत्र लागतं. दरवर्षी पुन्हा भरावा लागतो आणि शाळेनं ऑनलाईन पडताळणी केली नाही तर तो तसाच पडून राहतो, म्हणून शाळेत हे काम कुणाकडं आहे ते नाव विचारून ठेवा. मुलींना अनुदानित शाळेत बारावीपर्यंत शिक्षण फी माफ आहे. कुणी दुसऱ्या नावानं पैसे मागितले तर पावती मागा.

पोराला लिहायला वाचायला खूप त्रास होत असेल, अक्षरं उलटी होत असतील, किंवा ऐकू कमी येतं, दिसायला त्रास आहे, तर दहावीपर्यंत थांबू नका. आठवीतच तपासणी करून सर्टिफिकेट काढायला लागा. बोर्ड अशा मुलांना दर तासाला २० मिनिटं जादा वेळ, गरजेप्रमाणे लेखनिक देतं, पण प्रस्ताव शाळेमार्फत जातो आणि शेवटच्या महिन्यात पळापळ केली की राहून जातं. मागच्या वर्षी असे किती प्रस्ताव पाठवले हे शाळेला विचारा. शंभर-दीडशे पोरांत एकही नाही म्हणाले तर शाळेनं पोरांकडं नीट बघितलेलं नाही, कारण एवढ्या पोरांत दोन-चार तरी असतातच.

आकडे देत नसतील तर

बहुतेक मुख्याध्यापक देतात. तावातावानं जाऊ नका, नमस्कार करून सांगा की सर माझी मुलगी इथं घालायचा विचार आहे, जरा समजून घ्यायचं होतं. एकटं जाण्यापेक्षा दोन-तीन पालक मिळून जा आणि प्रश्न कागदावर लिहून न्या. पोरांची नावं मागू नका, कुणाचे किती मार्क हे विचारायचा आपल्याला अधिकार नाही, फक्त संख्या मागा. तरीही नाहीच म्हणाले तर अनुदानित शाळा माहितीच्या अधिकारात येते, १० रुपयांचा अर्ज, ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं. ज्या शाळेत पोर घालायचंय तिथं पहिलंच पाऊल आरटीआयचं टाकायला मी सांगणार नाही, पण अधिकार आहे हे माहिती असू द्या.

आणि पोरगं घातल्यावर सुटलो असं समजू नका. पहिल्या घटक चाचणीचे पेपर घरी मागवा, शाळा देते, आणि मार्क बघायच्या आधी चुका बघा. गणितात शाब्दिक उदाहरणच चुकलंय का आकडेमोड, इंग्रजीत स्पेलिंग का प्रश्नच कळला नाही. भाषेमुळं चुकलं असेल तर वर्गशिक्षकांना भेटून तेवढंच सांगा, सर याला गणित येतंय पण प्रश्न कळत नाही. हे वाक्य घेऊन आलेला पालक शिक्षकाला फार मदत करतो, मी स्वतःच्या अनुभवानं सांगतो, साठ पोरांच्या वर्गात आम्हाला हे लवकर दिसत नाही. दिवाळीआधी एकदा आणि प्रिलिमनंतर एकदा जाच, हातात मागचे पेपर घेऊन. नववीचा निकाल हाती येऊन शाळेनं दाखला काढा म्हटलं तर लगेच सही करू नका, कारण लेखी मागा, आणि गट शिक्षणाधिकारी किंवा महापालिकेच्या शिक्षण विभागात, झेडपीच्या माध्यमिक शिक्षण विभागात जाऊन विचारा. आठवीपर्यंत तर दुसऱ्या शाळेचा दाखला मिळायला उशीर झाला म्हणून नवीन शाळेला प्रवेश नाकारता येत नाही, हे आरटीई म्हणजे शिक्षण हक्क कायद्यात २००९ पासून लिहिलेलं आहे, गावाकडून किंवा कर्नाटकातून आलेल्या ओळखीच्या लोकांना हे नक्की सांगा.